मक्केहून आणलेलं कफन

अल्लाहवरचा माझा विश्वास अटलांटाच्या विमानतळावर, सामानाच्या फिरत्या पट्ट्यासमोर डळमळला, असं सांगितलं तर लोक हसतील. हसू देत. पट्टा थांबला, शेवटची बॅग कुणीतरी उचलून नेली आणि व्हीलचेअरमध्ये बसलेली माझी आई, म्हणजे अम्मी, शांतपणे म्हणाली, "माझं कफन गेलं." शेजारी उभी असलेली माझी मुलगी हादरलीच. "नानी, हू पॅक्स दॅट?" अम्मीला इंग्रजी फारसं येत नाही, पण प्रश्न बरोबर कळला. "मरणारं माणूस, बाळा," ती म्हणाली.

मृत्यूनंतर माणसाला ज्यात गुंडाळतात ते हे पांढरं कापड. बायकांच्या कफनात असे पाच तुकडे असतात. हजला गेलेली आमच्याकडची बरीच माणसं ते मक्केत झमझमच्या, तिथल्या पवित्र विहिरीच्या, पाण्यात भिजवतात, वाळवतात आणि घडी करून घरी आणतात. अब्बा-अम्मी हजला गेले तेव्हा दोघांची कफनं आली. अब्बांना त्यांचं लागलं. अम्मीनं आपलं चिपळूणच्या कपाटात ठेवलं आणि कुठेही चार दिवसांसाठी निघाली तरी झमझमच्या बाटलीसकट बरोबर नेलं. या वेळी ती अटलांटाजवळ अल्फारेटाला माझ्याकडे हृदयाची झडप बदलून घ्यायला आली होती, तेव्हा तर ते बॅगेत सगळ्यात आधी गेलं. मरून रंगाची बॅग, ओळखू यावी म्हणून मुठीला लाल चिंधी. आपल्या सगळ्यांच्या आई-वडिलांच्या बॅगांना अशी चिंधी असते आणि म्हणून एकही बॅग ओळखू येत नाही, हे आपल्याला कधी कळणार कोण जाणे.

विमान कंपनीशी मी जे भांडले त्याची मला आजही लाज वाटत नाही. फोन केला की यंत्र बोलायचं, यंत्राच्या तावडीतून सुटलं की एखादा गोड आवाज म्हणायचा, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. काय समजू शकता? बॅगेत काय होतं, असं एकीनं विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं. त्यावर तिनं 'कपडे' अशी नोंद केली. मी गाडी काढून विमानतळावर जायची, तिथले लोक गोदामाकडे बोट दाखवायचे, गोदामातले पुन्हा विमानतळाकडे. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं तर कमालच केली. "यार, पांढरं कॉटनच ना? ऑर्डर करून टाक." माझं डोकंच फिरलं. पण खरं सांगायचं तर मीही मनातून तेच म्हणत होते. कारण ऑपरेशनची तारीख ठरली होती, डॉक्टरांनी आता उशीर नको असं बजावलं होतं, आणि अम्मीनं जाहीर केलं होतं की कफन घरात आल्याशिवाय ती ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही.

"कापड मिळेल गं," ती म्हणाली, "मक्का कुठून आणशील?"

मग माझा तोल गेला. इतकी वर्षं रोज पाच वेळा त्या शहराकडे तोंड करून नमाज पढलीस, अब्बांबरोबर काबागृहाभोवती फिरलीस, आणि त्याला तुझी एक बॅग सांभाळता येत नाही? मी हे आईला म्हणाले, पण ऐकवायचं कुणाला होतं ते तिलाही ठाऊक होतं. तिनं तौबा तौबा केलं नाही. तिनं हाजरेची गोष्ट काढली, जी मी लहानपणापासून ऐकत आले आणि जिच्यावर मी लहानपणापासून चिडत आले. हजरत इब्राहिम आपल्या बायकोला आणि तान्ह्या इस्माईलला एका ओसाड दरीत सोडून निघतात. थोडे खजूर, थोडं पाणी. ती मागे जाऊन विचारते, हा अल्लाहचा हुकूम आहे का? ते हो म्हणतात. ती म्हणते, मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. पाणी संपतं, बाळ तडफडतं आणि ती बाई सफाच्या टेकडीवरून मरवाच्या टेकडीवर आणि मरवावरून सफावर अशी सात वेळा धावते. आज तिथं संगमरवर आहे, गार वारा आहे, आणि हजला आलेले लोक तिच्या आठवणीत तशाच सात फेऱ्या घालतात; हिरव्या दिव्यांच्या मधल्या टप्प्यात पुरुष धावतात, बायका चालतात. धावली कोण होती? हेही मी अम्मीला ऐकवलं.

"हो, धावली तीच," अम्मी म्हणाली. "पण पाणी कुठे लागलं? सफावर नाही, मरवावर नाही. बाळाच्या टाचेशी. जिथं ती धावलीच नव्हती तिथं." मग त्या पाण्यावर, म्हणजे झमझमवर, पक्षी घिरट्या घालताना दिसले, वाटेनं जाणारा तांडा वळला आणि त्या लोकांनी एकट्या हाजरेला विचारलं, आम्ही इथं राहू का? तिनं हो म्हटलं, पण पाण्यावरचा हक्क सोडला नाही. तिच्या होकारानं मक्का वसली. काबागृह बापलेकांनी नंतर उभारलं, आपले पैगंबर त्याहून कितीतरी नंतर जन्मले, त्याच शहरानं त्यांना हुसकून लावलं आणि त्यांनी परत येऊन त्याच शहराला माफ केलं. "त्या शहराची सुरुवातच कासावीस झालेल्या बाईपासून आहे," अम्मी म्हणाली. "तू रागाव. धाव. फक्त पाणी तू काढणार आहेस असं समजू नकोस." मला हे त्या क्षणी अजिबात पटलं नाही. मी गाडीची किल्ली घेतली आणि पुन्हा विमानतळावर गेले.

परत आले तर अम्मी घरात नव्हती. आमच्या वसाहतीत संध्याकाळी सगळ्यांचे भारतातून आलेले आई-वडील फिरायला निघतात, साडीवर किंवा सलवारवर पांढरे बूट घालून. तळ्याकाठच्या बाकावर बसतात आणि सुनांविषयी बोलतात. अम्मीला चालायला मनाई होती, पण बाकापर्यंत ती गेलीच होती. तिच्या शेजारी नागपूरच्या एक काकू बसल्या होत्या आणि अम्मी माझ्याकडे बघून हसत होती. काकू तिच्याच विमानानं आल्या होत्या. त्यांची बॅग आलीच नव्हती. आपली समजून उचलली ती भलत्याचीच, मरून, लाल चिंधीची, नावाची चिठ्ठी फाटलेली. बॅग माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर होती!

मी काकूंच्या घरी गेले ती भांडायच्या तयारीनंच. दार सुनेनं उघडलं. मी कोण ते सांगितलं, तर ती म्हणाली, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे!" "तुमचंही," मी म्हटलं. आत देवघरात, समईच्या बाजूला, पाटावर माझ्या आईचं कफन ठेवलेलं होतं. शेजारी झमझमची बाटली, आणि कफनाच्या प्लॅस्टिकवर कुंकवाचं बोट. माझ्या कपाळाची शीर ताड ताड उडायला लागली.

काकू मागून धापा टाकत आल्या. "पोरगा म्हणून राहिला होता, आई, एअरपोर्टवर ड्रॉप करून येतो. त्यानं फोनही केला होता कंपनीला. मी म्हटलं, अजिबात नाही. कोरं पांढरं कापड आन् पाण्याची बाटली, हे कोणाचं तरी शेवटचं सामान आहे बाप्पा. आमच्याकडे काशीहून गंगाजल आणतात तसं. ज्यांना माझी बॅग सांभाळता नाही आली त्यांच्या हाती हे देऊ? ज्याचं आहे त्याच्याच हाती देईन." त्यांनी हात धुतले, दोन्ही हातांनी घडी उचलली आणि मला दिली. भांडायला आलेल्या मीही ती दोन्ही हातांनीच घेतली. म्हणजे विमान कंपनीकडे दोन्ही घरांची तक्रार होती आणि दोन तक्रारी जोडून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. जिला ते काय आहे हे कळलं, त्या बाईचा आणि आमचा धर्मसुद्धा एक नव्हता.

बॅगेसकट घरी येऊन मी प्लॅस्टिकवरचं कुंकू पुसायला ओला रुमाल घेतला. अम्मी म्हणाली, "राहू दे. प्लॅस्टिकसकट गुंडाळणार आहात का मला?" मग तिनं घडी छातीशी धरली आणि रडली. विमानतळावर रडली नव्हती, ती आत्ता रडली. ऑपरेशनच्या सकाळी मी बॅग गाडीत ठेवायला लागले तर नको म्हणाली. घरात आली, पुरे. शिल्लक झमझममधला घोट तिनं काकूंना पाठवायला सांगितला, आणि बिस्मिल्ला म्हणत अगदी सहज आत गेली. बाहेर बसून मीच आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता दुआसाठी हात पसरले. काय मागायचं ते सुचेना.

अम्मी वाचली. पुढे एके दुपारी ती सोफ्यावर बसली होती, खोकताना टाके दुखू नयेत म्हणून दवाखान्यानं दिलेली उशी छातीशी कवटाळून, तेव्हा विमान कंपनीचा निरोप आला: पूर्ण शोध घेऊनही तुमची बॅग सापडली नाही, आम्ही हे प्रकरण बंद करत आहोत. मी ताडकन उठले. फोन लावायलाच निघाले होते.

"काय म्हणतात?" अम्मीनं विचारलं.

"बॅग सापडली नाही म्हणतात."

ती उशी आवळून हसायला लागली, दुखतंय गं म्हणत हसत राहिली. बॅग तिच्या पायाशीच होती. मी फोन खाली ठेवला आणि अल्लाहचे आभार मानत अल्हम्दुलिल्लाह म्हटलं. जरा रागातच म्हटलं, पण म्हटलं.