इंग्लंडमधली ओली भिंत आणि आमचे बाबा

गेल्या रविवारी दुपारी, खारबावजवळच्या आमच्या गावच्या घरी, जेवण आटोपून ओट्यावर बसल्या बसल्या मी इंग्लंडमधलं तीनशे वर्षांचं एक घर आतून-बाहेरून पाहिलं… अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

घर माझ्या धाकट्या भावाचं, नितेशचं. नोकरीसाठी तिकडे गेला आणि गेल्या वर्षी बायकोच्या हट्टापायी एका खेड्यात जुनं दगडी घर घेऊन बसला. आम्हाला वाटलं, आता पाडून मस्त बंगला बांधेल. आमच्या भिवंडीत जुनं काही विकत घेतात ते पाडायलाच ना… गोडाऊनला जागा कुठून येणार?

पण ते घर म्हणे 'लिस्टेड' आहे. म्हणजे जपायच्या इमारतींच्या सरकारी यादीत त्याचं नाव आहे. घर तुमचं, पण साधी खिडकी बदलायची तरी परवानगी काढायची. त्या गावात चर्च आहे, दगडी पूल आहे, आणि कोपऱ्यावरची लाल टेलिफोनची पेटीसुद्धा यादीत आहे. त्या पेटीचं ऐकून मी नुसती बघतच राहिले.

नितेश मात्र वैतागला होता. पुढच्या खोलीची भिंत कायम ओली. त्याला वरून वॉटरप्रूफ सिमेंटचा जाड थर द्यायचा होता, आणि तिथल्या कौन्सिलच्या ऑफिसर बाई म्हणाल्या, नाही. उलट आधीच्या मालकाने मारलेलं सिमेंट उतरवा आणि चुन्याचा गिलावा करा. चुना कोण वापरतं आजकाल, असं म्हणत त्याने बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी 'सिमेंटच मार' म्हटलं की याला त्या बाईंशी भांडायला बळ येणार, हा सगळा बेत.

कारण बाबा गवंडी. पंच्याहत्तरी जवळ आली. खारबावपासून अंबाडीपर्यंत त्यांच्या हातचं प्लास्टर नसलेलं गाव सापडणं कठीण.

बाबांनी चष्मा पुसला आणि आधी छत दाखव म्हणाले. वर काळे पडलेले ओकचे वासे. एका जोडाशी त्यांनी फोन थांबवायला सांगितला… लाकडावर छिन्नीने मारलेल्या तीन रेघा, आणि समोरच्या तुकड्यावरही तशाच तीन. सुताराने जमिनीवर जुळवून खुणा केल्या आणि मग वर चढवलं, बाबांनी लगेच ओळखलं. नितेश वर्षभर त्या घरात राहतोय, त्याला ते ओरखडे वाटले होते.

माझ्या अंगावर खरंच काटा आला. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका सुताराने दुसऱ्या कारागिरासाठी केलेली खूण, आणि ती आमच्या ओट्यावर बसून एक गवंडी वाचतोय…

मग भिंत. बाबांनी नितेशला किल्लीने पोपडा खरवडायला लावला, बाहेरच्या बाजूने फिरवून आणलं. मग म्हणाले, "भिंत आजारी न्हाय. तिचा तोंड बांधलाय कोनीतरी. त्या बाईचा ऐक, शिमीट काढ."

चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडून सुकते, सिमेंटने ती आतच कोंडते, असं त्यांचं म्हणणं. नितेशचा चेहरा पडला. फोन ठेवल्यावर मी हसत होते, पण बाबा हसले नाहीत. उठून शर्ट घातला आणि न सांगता देवळाकडे गेले.

इथे देवळाचं सांगायला हवं. आमच्या गावचं मारुतीचं देऊळ माझ्या आजोबांनी चुन्यात बांधलं होतं. खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला चुना, त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी. मी लहान असताना बाबांनी त्यावर सिमेंटचं प्लास्टर केलं, सेवा म्हणून, एक पैसा न घेता. तेव्हा गावाने त्यांना शाल-नारळ दिला, दारापाशी संगमरवरी पाटीवर नाव कोरलं. बाबांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शान म्हणजे ती पाटी. पण तेव्हापासून गाभाऱ्याच्या भिंतींना ओल आहे, आणि कमिटीने आता आतून टाइल्स लावायचं ठरवलं होतं. खोकी येऊन पडली होती.

सोमवारी संध्याकाळी कमिटी बसली. बाबांसोबत मीही गेले, कारण मला त्यांचं लक्षण ठीक दिसत नव्हतं. सगळे त्यांच्या वयाचे, नाहीतर त्यांना काका म्हणणारे. बाबा उभे राहिले.

"टाइल लावू नका. वल वरनं येत न्हाय, माज्या शिमीटामुलं हाय. माजा काम चुकलाय, मना काडू द्या."

मला तर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं… ज्या माणसाने आयुष्यात साधा ओळंबा चुकल्याचं कबूल केलं नाही, तो भर कमिटीत, स्वतःच्या नावाच्या पाटीजवळ उभा राहून हे सांगत होता. शेवटी अध्यक्षकाका एवढंच म्हणाले, "चुना कालवनारा कोन मिलेल आता?"

"मी हाय तवर हाय," बाबा म्हणाले.

बुधवारी सकाळी त्यांनी छिन्नी लावली. पहिला मोठा तुकडा सुटला आणि मागे आजोबांचा चुना दिसला, हस्तिदंती, गुळगुळीत… आणि त्यावर सगळीकडे टोच्यांचे खड्डे. सिमेंट धरावं म्हणून बाबांनीच तेव्हा पाडलेले. बाबा एकेका खड्ड्यावरून बोट फिरवत राहिले. मी त्यांना रडताना आजवर पाहिलं नव्हतं.

आता अंगणात चुना भिजत पडलाय, आणि नितेश रोज फोन करून गुळाचं प्रमाण विचारतोय. त्या ऑफिसर बाई कोण, कुठल्या, मला माहीत नाही. त्यांना कधी कळणारही नाही, पण त्यांच्यामुळे माझ्या बाबांना स्वतःच्या वडिलांचं झाकलेलं काम हयातीत पुन्हा उजेडात आणायला वेळ मिळाला… त्यांचे मनापासून आभार.