नाताळचं बारसं

उमरेडच्या मंडळींनो, आम्ही निघालो तेव्हा तुम्ही सगळे टेम्पोभोवती उभे होतात. आई ड्रायव्हरशेजारी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत स्वतः मागावर विणलेलं लुगडं आणि ताण्यातून सूत नेणारा बाबांचा धोटा. बाबा गेल्यावर माग विकला, पण धोट्याला तिनं कोणाला हात लावू दिला नाही. "संक्रांतीले वापस येईनच मी!" असं ती तुम्हाला ओरडून सांगत होती. तुम्ही हसलात. मला मात्र ते लागलं.

नागपूरच्या फ्लॅटमध्ये ती पिशवी तिनं दाराशी ठेवली ती ठेवलीच. अख्खं कपाट रिकामं करून दिलं, तरी नाही. दिवसभर गॅलरीत बसून पार्किंग बघायची आणि विचारायची, "इथं कोणी कोणाच्या घरी काहून जात नाही वं?" मी म्हणायची, "आई, इथं आधी मेसेज टाकतात." ती राहावी असं मला फार वाटत होतं. एकटीपुरता कुकर लावायचा मला अगदी कंटाळा आला होता.

डिसेंबरात सोसायटीनं ख्रिसमस पार्टी ठरवली आणि गाणी निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ग्रुपवर नुसती रणधुमाळी. तिसऱ्या मजल्याला डीजे हवा, पाचव्याला आपल्या वरातीत वाजतो तो संदल हवा. सण ज्यांचा, त्या तळमजल्यावरच्या जोसेफ अंकलना कोणी विचारलंच नाही. मी इंग्रजी गाणी शोधली, तर जिकडेतिकडे बर्फ. नागपूरच्या माणसाला बर्फ म्हटलं की गोळेवाला आठवतो, त्याला मी काय करणार?

आई पोळ्या लाटता लाटता माझी चिडचिड ऐकत होती. "हाये तरी काय हे?"

"येशूचा जन्म झाला ना, त्याची पार्टी."

"मंग बारसंच हाये ना! एवढी डोकेफोड कायले करून राहिली? पाळणा म्हणा. आत्या कोण हाये त्याची?"

मी हसण्यावारी नेलं आणि बर्फाचीच प्लेलिस्ट केली.

पार्टीत पहिलंच गाणं लागलं आणि सगळे प्लेट घेऊन भिंतीला टेकले. मग पाचव्या मजल्यानं स्पीकरची वायर आपल्या मोबाइलला लावली, तिसऱ्यानं ती उपटली, आणि या ओढाताणीत स्पीकरनं एक आचका देऊन मान टाकली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आई मात्र जोसेफ अंकलनी मांडलेल्या येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यापुढे उकिडवी बसली होती. "अगा भाऊ, एवढ्या थंडीत लेकराले असं गवतावर ठेवते का कोणी?" असं म्हणून ती तरातरा वर गेली आणि पिशवी घेऊन खाली आली. मला वाटलं, निघाली ही.

तिनं लुगडं काढलं आणि दोन खुर्च्यांना बांधून झोळी केली. अंकलनी स्वतःच्या हातांनी बाळ त्यात ठेवलं. आईनं तोच पाळणा धरला, जो ती तुमच्या प्रत्येकाच्या पोरासाठी म्हणाली आहे. "जो जो" कोणाला शिकवावं लागत नाही. तिसरा आणि पाचवा मजला एका सुरात होते.

"आता नाव," आई म्हणाली.

"येशू!" पोरं ओरडली.

"ते मलेबी मालूम हाये. पण कानात सांगा लागते." ती वाकली, "कुर्रर्र" केलं, आणि आत्याच्या पाठीवर बुक्के पडतात तसे तिच्या पाठीवर पडले. सगळ्यात जोरात अंकलचा. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "आत्या, आमची नाताळची जुनी गाणीही बाळाला निजवायचीच आहेत हो."

त्या दिवसापासून अख्खी बिल्डिंग तिला आत्या म्हणते. संक्रांत आली, गेली. मी भीतभीत विचारलं, "उमरेडले कधी जाचं?" ती म्हणाली, "थांब वं, बी विंगमधी बारसं हाये." कोणी मेसेज टाकत नाही, सरळ बेल वाजवतात. मी मात्र पुन्हा एकटीपुरताच कुकर लावते, कारण आई बाहेरूनच जेवून येते.

आईचं घर आता कुठलं, असं तुम्ही फोनवर विचारता. पिशवी अजून दाराशीच आहे, एवढंच सांगते. फक्त आता ती लिफ्टनं बारशाला जाते, आणि रात्री परत येते.