पाया लागतो, पण सामना झाल्यावर

माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा मला आवडत नाही. लग्नाच्या मांडवात आवडला नव्हता आणि आता तर अजिबातच नाही. घरात हे मी कधी उघड बोललो नाही, कारण आमच्या एकोडी गावात जावयाबद्दल असं बोलायची सोय नाही. जावई अंगणात आला की हातातलं काम टाकायचं, वाकायचं, पायांना हात लावून "पाया लागतो भाऊजी" म्हणायचं. घरात असो, बसस्टँडवर असो की दुसऱ्याच्या लग्नात, भेट झाली की वाकायचंच. आमचे भाऊजी तर लांबूनच उजवा पाय थोडा पुढे सरकवून उभे राहतात, म्हणजे आपल्याला शोधावा लागू नये.

ते भंडाऱ्याला सरकारी नोकरीत आहेत आणि त्यांना नेमबाजीचा शौक आहे. जवाहरनगरच्या रस्त्याला एका जुन्या गोदामात क्लब चालतो, तिथे दहा मीटरवरच्या कागदी कार्डांवर छर्ऱ्याच्या पिस्तुलाने नेम धरतात. भाऊजींनीच मला तिथे पहिल्यांदा नेलं. साकोलीतलं माझं बी-बियाण्याचं दुकान रविवारी बंद असतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि वाहवा करायला त्यांना घरचं माणूस हवं होतं. मी दोन-तीन रविवार मागे खुर्चीवर बसून वाहवा केली. मग तिथल्या म्हाताऱ्या कोचने माझ्या हातात पिस्तूल दिलं, आणि भाऊजींचं नशीब फिरलं.

मला ते जमायला लागलं. का जमलं ते सांगता येत नाही. एक हात खिशात, दुसरा सरळ समोर, नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत बरोबर मधोमध बसवायची आणि बोट इतकं सावकाश दाबायचं की शॉट सुटल्याचं आपल्यालाच नवल वाटावं. वर्षभरात माझी कार्डं भाऊजींच्या कार्डांपेक्षा चांगली यायला लागली. कोच ती शेजारीशेजारी टांगायचा. भाऊजी तिकडे बघायचेच नाहीत.

क्लबची वर्षातून एकदा स्पर्धा होते. पहिला येणारा क्लबतर्फे नागपूरच्या मोठ्या सामन्याला जातो. जागा एकच. सलग काही वर्षं भाऊजीच जात होते, आणि परत आले की नागपूरच्या गोष्टी आमच्या ओट्यावर बसून आम्हालाच ऐकवायचे. त्या वर्षी मात्र सगळे म्हणत होते की यंदा साळा, म्हणजे मी, जाणार. सामन्याच्या सकाळी मी भाऊजींच्या पाया लागलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि अगदी मायेने विचारलं, "सालेसाब, तुमी ट्रिगर दाबता तेवा श्वास घेता का सोडता? लई दिवसापासून पाहून राहिलो, समजतच नाई."

बस, एवढंच.

मी आयुष्यात कधी त्याचा विचार केला नव्हता. श्वास आपोआप जागेवर येत होता, म्हणून तर जमत होतं. पण लेनवर उभा राहिलो, हात उचलला आणि वाटलं, आता घेतलेला आहे की सोडलेला? तो शॉट पार बाहेर गेला. पुढच्याला श्वास धरून ठेवला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यापुढच्याला सोडला तर हात खाली बसला. साठ शॉट मी छाती मोजत काढले. शेजारच्या लेनमध्ये भाऊजी शांतपणे मारत होते आणि मधूनमधून घसा साफ करत होते. नागपूरला तेच गेले.

हरलो म्हणून एवढं लागलं नसतं. पण पोळ्याला बहीण आणि भाऊजी घरी आले, पंगत बसली, आणि भाऊजींनी माझी नक्कल केली. गाल फुगवले, डोळे बाहेर काढले, हात थरथरवला. "सालेसाबचा श्वासच अटकला गा!" सगळे हसले. माझा बाप हसला. माझी बायको पदर तोंडाला लावून हसली. मी वड्यांचं ताट घेऊन वाढत होतो. भाऊजींनी बोट दाखवलं तिथे मी दोन वडे वाढले आणि मनात म्हटलं, थांब. तुझं हेच तोंड बंद करीन.

त्यानंतर मी सुडासाठीच सराव करायला लागलो. लोक म्हणतात नेमबाजीने मन शांत होतं. माझं झालं नाही, आणि मला करायचंही नव्हतं. मी कार्डावरच्या काळ्या वर्तुळात भाऊजींचं तोंड बसवलं आणि त्यावर मारत सुटलो. मिशी दिसायची, पान खाल्लेले दात दिसायचे. मजा भरपूर आली, पण कार्डं बघवत नव्हती. सगळी भोकं खाली डावीकडे, कारण रागाने मूठ आवळली जायची.

कोच माझ्या मागे उभा राहून दोन-चार रविवार बघत राहिला. तो बपेऱ्याकडचा, बोलायला कंजूष. एक दिवस त्याने कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

"कोणाले मारून राहिला गा?"

मी सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

तो म्हणाला, "दुश्मन असू दे. पण त्याले पाहू नको. माशी पाह्य. माशी साफ दिसली का बाकी सारं धुरकट होते. त्याचं तोंड धुरकट झालं नाई तर तू मेला."

मग त्याने माझं कार्डच काढून घेतलं. दोन महिने मी कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, छर्रा न भरता उभा राहिलो. हात उचल, माशी खाचेत बसव, बोट दाब, तसाच थांब, खाली घे. घरीसुद्धा खताच्या पोत्यांमागच्या भिंतीपुढे तेच. भाऊजींचा विचार आला की पिस्तूल खाली. शॉट सोडायचाच नाही. सुरुवातीला दहातल्या नऊ वेळा हात खाली यायचा. मग ते कमी होत गेलं. राग गेला नाही, याची मी काळजी घेतली. तो मी पोळ्याच्या पंगतीपाशी ठेवून यायचो आणि परत गेलो की तिथेच सापडायचा, चांगला ताजा. श्वासाचं म्हणाल तर तो पुन्हा आपोआप जागेवर आला, आणि मी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

पण नुसतं जिंकून माझं भागणार नव्हतं. भाऊजींनी मला जसं आतून सडवलं तसं मला त्यांना सडवायचं होतं. काय करावं ते सुचत नव्हतं. ते मला सामन्याच्या सकाळीच सुचलं.

यंदाची गोष्ट. आमच्या लेन शेजारीशेजारी होत्या. भाऊजी आपल्या जागेवर उभे राहिले, दोन्ही पाय बरोबर ठेवले, टाचा एकदा जमिनीवर घासून पक्क्या केल्या. पिस्तुलाच्या नेमात पायांची जागा फार महत्त्वाची. ती हलली की सगळं हलतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सवयीने उजवा पाय थोडा पुढे सरकवला.

मी त्या पायाकडे पाहिलं. हातातलं पिस्तूल टेबलावर ठेवलंसुद्धा. आणि मग वाकलो नाही.

"भाऊजी," मी अगदी मायेने म्हणालो, "पाया लागतो, पण सामना झाल्यावर. तुमी निवांत मारा."

त्यांचा पाय तसाच पुढे राहिला. पंचवीस वर्षांत आमच्या घरातल्या कोणी त्यांना असं थांबवलं नव्हतं. कोणी ऐकलं का ते त्यांनी मागे वळून पाहिलं. मग पाय मागे घेतला, पण कुठे होता ते त्यांना सापडेना. टाच घासली, परत घासली.

सामना सुरू झाला आणि माझी खरी परीक्षा तेव्हा लागली. कारण मला ते बघायचं होतं. माझ्या डाव्या कानाला सगळं ऐकू येत होतं. बूट सरकल्याचा आवाज, मग पिस्तूल टेबलावर ठेवल्याचा, मग पुन्हा बूट. मधेच त्यांनी कोणाला तरी हळूच शिवी दिली, बहुधा मलाच. मान जराशी वळवली असती तर वर्षभराची भूक भागली असती. मी मान वळवली नाही. आवाज ऐकून गुदगुल्या झाल्या की पिस्तूल खाली घेत होतो, गुदगुल्या ओसरेपर्यंत थांबत होतो आणि पुन्हा उचलत होतो. माशी साफ, बाकी धुरकट. शेवटच्या शॉटला तर मी तीनदा हात खाली घेतला. वेळ संपत आली होती, पण घाई करून भाऊजींना एकही गुण भेट द्यायची माझी तयारी नव्हती.

कोचने आमची कार्डं शेजारीशेजारी टांगली. माझ्या कार्डांवर काळ्याच्या पोटात एकच फाटलेलं भोक दिसत होतं. भाऊजींची कार्डं कोंबडीने चोच मारल्यासारखी सगळीकडे टोचलेली होती. माझं नाव नागपूरसाठी पुकारलं. टाळ्या वाजल्या.

भाऊजी पिस्तुलाचा डबा बंद करून दाराकडे निघाले होते. मी सगळ्यांसमोर मोठ्याने हाक मारली.

"भाऊजी, थांबा. पाया लागायचा राहिला."

त्यांना थांबावंच लागलं. मी चालत गेलो, वाकलो आणि दोन्ही हात त्यांच्या बुटांना लावले. पाय आज पुढे सरकला नाही, मलाच हात लांब करावा लागला. मग मी तसाच वाकून राहिलो, कारण आशीर्वाद मिळाल्याशिवाय उठायचं नसतं हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. गोदामात सगळे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला.

"श्वास घ्या भाऊजी," मी खालूनच म्हणालो, "आणि द्या आशीर्वाद."