व्याह्यांचा सातवा हातोडा

अख्ख्या अमिरातीत माझ्या व्याह्यांइतका निरुपद्रवी माणूस नव्हता, आणि त्यांच्याइतकी माणसं मारायची हत्यारं दुसऱ्या कुणाच्या दिवाणखान्यात नव्हती. मुंगी दिसली तर पाय उचलून थांबतात. भिंतीवर मात्र सात हातोडे. सुताराचे नव्हेत. युरोपात पूर्वी सरदार लोक अंगभर लोखंड घालून लढायचे, तलवारीचा वार त्यांना लागायचा नाही, म्हणून हे काढले. एका बाजूला बोथट डोकं, दुसऱ्या बाजूला कावळ्याच्या चोचीसारखं टोक. हे मला ठाऊक आहे, कारण लेकीचं लग्न ठरवायला आम्ही फुजैराला त्यांच्या घरी गेलो तेव्हा देण्याघेण्याचं सोडून ते हेच बोलत होते. मी चौथी शिकलेली. मला वाटलं, शिकलेल्या लोकांच्या घरी असंच असतं.

तीस वर्षं ते तिथल्या बंदरावर एका कंपनीचं स्टोअर सांभाळत होते. घरी आलेल्या माणसाला पाण्याआधी हातात हातोडा मिळायचा. "विहीणबाई, अंदाजे वजन सांगा बरं." माझा उम्म अल कुवैनला पोळीभाजीचा धंदा, रोज कणीक उचलते. म्हटलं, "दीड किलो." त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. दीडच भरला. तेव्हापासून मला त्या घरात मान आहे. "सिनेमात डोंगराएवढा दाखवतात. एवढा उचलून लढेल कोण?" असं ते माझ्या जावयापासून प्लंबरपर्यंत सगळ्यांना विचारायचे. प्लंबर म्हणायचा, "सही बात है साब," आणि नळाकडे वळायचा. एकदा माझ्या लेकीचा तीन लिटरचा कुकर गच्चीवर नेऊन त्यांनी चोचीनं भोसकला आणि भोकाचं चित्र वहीत काढलं. नवा कुकर संध्याकाळी आणून दिला. जुना अजून जपून ठेवलाय, भोकासकट.

सातातले सहा हातोडे त्यांनी पुस्तकातली चित्रं दाखवून दुबईतल्या अल क्वोजच्या एका वर्कशॉपमधून करून घेतलेले. त्यांना ते 'आपले' म्हणायचे. सातवा 'खरा'. एका म्हाताऱ्या जहाज इंजिनियरनं युरोपातल्या आपल्या देशातून पाठवलेला, काळा, गंजलेला, पाचशे वर्षांपूर्वीचा. पार्सल कस्टमवाल्यांनी अडवलं. साहेबानं विचारलं, "ये किस काम का?" दुसरा माणूस म्हणाला असता, शोभेचा. यांनी चिलखतापासून सुरुवात केली. पाऊण तासानं साहेब म्हणाला, "खलास, हबीबी, ले जाओ." व्याही म्हणतात, त्याला विषयात गोडी वाटली.

पण खरा म्हणजे खरंच खरा का, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. रात्रंदिवस तेच. नोकरी संपत आली होती, व्हिसा संपला की नाशिकला थोरल्या मुलाकडे जायचं ठरलं होतं, आणि जायच्या आधी हे एक कळायला हवं होतं. वर्षानुवर्षं ते परदेशात पत्रं लिहायचे. शेवटी जर्मनीतल्या एका संग्रहालयातून निवृत्त झालेल्या बाईंचं उत्तर आलं. त्या दुबईला लेकाकडे येणार होत्या, तेव्हा हातोडा बघू म्हणाल्या. दिवस ठरला दसऱ्याचा.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्यांची बायको गेल्यापासून सणाला मी जाते. सकाळी बाजारात निघताना ते म्हणाले, "विहीणबाई, सातही पाटावर मांडा. आल्यावर पूजा करू." सहा चकचकीत होते. सातवा असा, की हातात धरवेना. देवापुढे असला ठेवायचा? मी चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, काथ्या घेतला आणि तासभर घासला. चांदीसारखा निघाला. वर खोबरेल तेलाचा हात फिरवला.

झेंडूची फुलं घेऊन ते आले आणि पाटासमोर बसले. उठेचनात. नात म्हणाली, "आजी, इट्स अ हिस्टॉरिकल वेपन, नॉट अ समई!" तेव्हा मला कळलं की वय त्या काळ्या थरात होतं. मी म्हटलं, "व्याही, ओरडायचं तर ओरडून घ्या." ते म्हणाले, "पूजा करू आधी." आणि सातव्याला सगळ्यात शेवटी हळदकुंकू लावलं. इतक्या वर्षांत या माणसानं मला हातोड्यावर पुस्तकभर सांगितलं, पण 'घासू नका' एवढं नाही सांगितलं. हे मी त्यांना तोंडावर बोलले. ते म्हणाले, "खरंय."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. भिंग लावून तासभर बघत होत्या. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. मग काय म्हणाल्या ते नातीनं मराठीत सांगितलं: घडण जुन्या पद्धतीची आहे, पण ज्यावरून नक्की सांगता आलं असतं ते आता उरलं नाही. जुना असेल, नसेलही. व्याह्यांनी हातोडा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "म्हणजे खोटा आहे, असंही नाही." आणि बाईंना तिसरी पोळी वाढा म्हणाले.

महिन्याभरानं ते नाशिकला गेले. सहा 'आपले' इथं लेकाच्या, म्हणजे माझ्या जावयाच्या भिंतीवर ठेवले. सातवा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. "तुम्ही इतकी मेहनत केलीय, तुमच्याकडेच राहू दे." टोमणा असेल म्हणून मी तोंडाकडे बघितलं. नव्हता.

माझ्या घरात कढईच्या बुडालासुद्धा डाग राहत नाही. हा हातोडा मात्र बाल्कनीत ठेवलाय, समुद्राच्या बाजूला. इथली हवा खारट, चार महिन्यांत गंज चढून लाल पडला. कामवाली पुसायला गेली तर मी तिला ओरडते. दर शुक्रवारी व्याह्यांचा व्हिडिओ कॉल येतो. तब्येत, नात, हवा झाली की हळूच विचारतात, "चढतोय का?"

"चढतोय."

"पहिल्यासारखा व्हायला पाचशे वर्षं लागतील, विहीणबाई."

मी म्हटलं, लागू देत. मी कुठं जातेय?