डाव्या स्पीकरची जागा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सुरेखालाही नाही. ती माझी बायको, सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडलं, तरी त्यातली एक गोष्ट तिला माहीत नाही. ती दोघांनाच कळलेली होती. त्यातला एक मी. आणि दुसरं माणूस आता नाही.

माझ्या घरी कधी आलात तर बैठकीत पाय ठेवल्या ठेवल्या तुमची नजर त्या दोन स्पीकरांवर जाईल. कंबरेच्या वर येतील इतके उंच, अक्रोडी रंगाचे. येणारा प्रत्येक जण थबकतो, हात लावून बघतो. मग मी आग्रहानं बसवतो, एखादा ख्याल लावतो. तंबोऱ्याच्या तारा सुट्या सुट्या ऐकू येतात. गाणाऱ्यानं श्वास घेतला की तोही कळतो. लोक म्हणतात, अहो, बाई समोर बसून गाऊन राह्यल्या असं वाटतंय. वाटतंच. पण त्या जागी आधी खरंच एक बाई बसायची — हे मी कसं सांगू?

माझं अंबडला औषधाचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे खोकले, काउंटरवर आपटणारी नाणी, मोबाईलच्या रिंगा. गाण्याचा नाद कॉलेजपासूनचा. कपाटावर ठेवलेल्या छोट्या स्पीकरांवर मी अर्धं आयुष्य काढलं. मुलीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, आणि मी ठरवलं — आता एकदा चांगले घ्यायचे. जमिनीवर उभे राहणारे. त्यात चूक काय होती? काहीच नाही. म्हणूनच मी बरीच वर्षं मनाशी एवढाच भाग घोळवत राहिलो.

संभाजीनगरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार कमी बोलणारा माणूस. त्यानं एकच गाणं दोन जोड्यांवर ऐकवलं. पहिल्या जोडीवर तबला असा वाजला की छातीत हादरा बसला. मी लगेच हो म्हणणार होतो. दुसरीवर सुरुवातीला विशेष काही वाटलं नाही. पण गाणं संपलं आणि माझ्या लक्षात आलं की मधे मी खुर्चीत हललोसुद्धा नव्हतो. दुसरी घेतली. निघताना त्यानं बजावलं की या स्पीकरांना जागा लागते. मागची भिंत हातभर लांब हवी. दोघांच्या बाजूला सारखीच मोकळीक हवी. आणि तुमची खुर्ची अशी ठेवा की दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून सारख्या बाजूंचा त्रिकोण होईल. एका बाजूला गादी-उशा आल्या, की तिकडचा आवाज बसतो.

त्यानं गादी म्हटलं आणि तिथं, दुकानात उभ्या उभ्या, मला आत्याचा पलंग दिसला. म्हणजे ते नंतर सुचलं असं मी म्हणू शकत नाही. स्पीकर टेम्पोत चढण्याआधीच मला माहीत होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. सासर शहागडचं, पण तिथं तिला नांदवलं नाही, ती माघारी आली आणि मग आमच्याकडंच राहिली. माझी आई मी लहान असताना गेली. त्यापुढचं सगळं आत्यानं केलं — न्हाऊ-माखू घालणं, शाळेत सोडणं, ताप आला की उशाशी बसणं. मी औषधांचं शिकायला संभाजीनगरला गेलो तेव्हा माझ्या खोलीवर ती एसटीनं भाकरी पाठवायची. म्हातारपणी तिला काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं. शेवटी उजेड आणि अंधार, एवढाच फरक कळायचा.

पण ती बसून राहिली नाही. तिचा पलंग बैठकीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून होता. दिवसभर ती गजांना हात लावून बसायची आणि गल्ली ऐकायची. चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखायची. कुणाची सून माहेराहून आली, कुणाच्या घरात भांडण झालं, भाजीवाल्यानं आज मेथी आणली की नाही — सगळं तिला आमच्याआधी कळायचं. पलीकडच्या शमीमभाभी रोज दुपारी खिडकीशी यायच्या. बाहेरूनच हाक — "फुप्पी, क्या पकाए आज?" मग दोघींचं तासभर चालायचं. त्या उर्दूत, आत्या मराठीत. कुणाचं कुणाला अडत नव्हतं.

स्पीकर आले. मी मापं घेतली, सरकवले, ऐकलं. दुकानदार म्हणाला होता तसंच झालं. डावा स्पीकर पलंगाच्या पायथ्याशी येत होता. आत्याची कापसाची जाड गादी, गोधड्या, आणि वर खिडकीतून येणारी गल्ली. गाणाऱ्याचा आवाज मधोमध उभा राहायला हवा, तो उजवीकडं कलायचा. फार नाही. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. मला कळायचा — आणि एकदा कळलं की दुसरं काही ऐकू येईना.

इथं मला एक सांगितलंच पाहिजे. दुसरी जागा होती. स्वयंपाकघराच्या भिंतीशी दोन्ही स्पीकर बसत होते. सोफा फिरवावा लागला असता आणि शोकेस काढावं लागलं असतं. सुरेखानंच सुचवलं. आत्या नात्यातल्या एका लग्नाला म्हणून गावाला गेली होती, तेव्हा मी तसं लावूनही पाहिलं. आवाज चांगला होता. थोडा कमी, पण चांगला. कुणी मला विचारलं असतं की याच्यावर आयुष्य काढशील का, तर मी हो म्हणालो असतो. तरीही मी स्पीकर परत उचलून खिडकीच्या बाजूला आणले. का? तिथं ते जास्त चांगले वाजत होते. याहून मोठं कारण मला आजही सापडत नाही.

आता तिला सांगायचं कसं? खरं सांगितलं असतं तर ती स्वतः उठून गेली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. "तुझ्या गाण्याला अडचण होती का? मंग आधी न्हाई का बोलायचं?" असं म्हणाली असती. पण मग मला रोज तिच्या जाण्याकडं बघावं लागलं असतं. ते मला नको होतं. मला पलंगही हलवायचा होता आणि चांगला पुतण्याही राहायचं होतं.

तिला अधूनमधून धाप लागायची. माझं औषधाचं दुकान. डॉक्टर काय म्हणाले हे तिला नेहमी माझ्याच तोंडून कळायचं. एका सकाळी मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "आत्या, डॉक्टरांशी बोललो. ते म्हणले, रस्त्याची धूळ तुझ्या छातीला बिलकुल बराबर न्हाई. मागच्या खोलीत झोपत जा."

डॉक्टरांशी मी बोललोच नव्हतो.

ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतेत तर मंग ऐकाया पायजे." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच दिवशी पलंग मागं गेला.

मागची खोली न्हाणीघराला लागून. झरोका शेजारच्या घराच्या भिंतीवर उघडतो. तिथं गल्ली ऐकू येत नाही; पाण्याची मोटर ऐकू येते. पहिले काही दिवस ती येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगायची, "इलासला माझी लई काळजी. धुळीत बसू देत न्हाई." मी बैठकीत खुर्चीवर बसलेला असायचो, मला ते ऐकू यायचं. मी आवाज वाढवायचो.

शमीमभाभी सुरुवातीला घरात येऊन भेटायच्या. पण मागं जायचं म्हणजे बैठकीतून जायचं, आणि बैठकीत मी डोळे मिटून बसलेला. त्या दारात उभ्या राहायच्या, चपला काढू की नको अशा. मी डोळे उघडून हसायचो, पण गाणं बंद करायचो नाही. हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. मी त्यांना कधी येऊ नका म्हणालो नाही. म्हणायची गरज पडली नाही.

आत्या आधीसारखीच राहिली असती, तर कदाचित मी हे विसरूनही गेलो असतो. पण ती वेळेत चुकायला लागली. दुपारी उठून विचारायची, सकाळ झाली का? सुरेखाच्या पावलांना माझी पावलं समजायची. जेवण अर्धं टाकायची. सुरेखा म्हणाली, "अहो, त्यांना दिवसातनं थोडं तरी खिडकीत बसवू की." मी म्हणालो, बघू.

आणि मग ती गोष्ट — जी सुरेखालाही माहीत नाही.

एकदा मी दुकानात निघालो होतो. आत्यानं मला हाक मारून जवळ बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाली, "इलास, डॉक्टरला येकदा इचारून बघ ना. दिवसभर न्हाई, घडीभर बसू देतेत का खिडकीत. तोंडाला पदर लावून बसते मी."

पदर लावून बसते. आयुष्यभर कुणाकडं काही न मागितलेली बाई — माझ्याकडं घडीभर खिडकी मागत होती.

मी म्हणालो, विचारतो. दवाखाना माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर आहे. डॉक्टर दिवसातून एकदा तरी माझ्याकडं चहाला येतात. त्या दिवशीही आले. आम्ही सोयाबीनच्या भावाबद्दल बोललो, त्यांच्या नव्या गाडीबद्दल बोललो. मी विचारलं नाही. विचारायचं होतंच काय? दुपारी जेवायला घरी आलो, तिच्या पलंगाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "इचारलं आत्या. न्हाई म्हणले."

"बरं," ती म्हणाली. "जाऊ दे मंग."

पहिलं खोटं मी घाईत बोललो असं कुणाला वाटेल. हे घाईतलं नव्हतं. सकाळपासून दुपारपर्यंत ते माझ्याजवळ होतं. बदलायला भरपूर वेळ होता. एकच शब्द बदलायचा होता.

हिवाळ्यात तिची तब्येत खालावली. डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. मागच्या खोलीत येताच त्यांनी आजूबाजूला पाहिलं. छाती तपासली, नाडी पाहिली, आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "अहो, यांना इथं अंधारात कशाला ठेवलंय? पुढं उजेडात ठेवा, माणसांत ठेवा. अर्धं दुखणं तिथंच जाईल."

सुरेखा चहा टाकायला गेली होती. खोलीत आम्ही तिघंच.

आत्या उशीवरून मान उचलून म्हणाली, "आवो पर डॉक्टरसाहेब, तुमीच तर म्हणल्ते—"

आणि थांबली.

डॉक्टर पिशवीत काहीतरी शोधत होते. "काय म्हणालो होतो?"

आत्यानं चेहरा माझ्याकडं वळवला. तिला दिसत नव्हतं, पण मी कुठं उभा आहे हे तिला बरोबर कळायचं. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. निघायला हवा होता. ती जागा माझ्या बोलण्याची होती. ती मात्र डॉक्टरांकडं वळली आणि सावकाश म्हणाली, "काही न्हाई. मलाच नको वाटतं पुढं. लई गलका असतो."

डॉक्टर हसले, औषध लिहून दिलं. मी त्यांना दारापर्यंत सोडून परत आलो. आता ती काही बोलेल, रडेल, निदान तोंड फिरवेल — मी तयारी करून आलो होतो. ती म्हणाली, "चहा घेतला का डॉक्टरनं?"

संध्याकाळी मी तिला म्हणालो, "आत्या, उद्या पलंग पुढं घेऊ." ती म्हणाली, "राहू दे इलास. हितली सवय झाली आता."

सांगायला सर्वांत जड हेच आहे. ती राहू दे म्हणाली आणि मला बरं वाटलं. लाजही वाटली, ती नंतर. आधी बरं वाटलं. स्पीकर हलवावे लागणार नव्हते. मी पुन्हा विचारलं नाही, आग्रह केला नाही, तिला उचलून नेलं नाही. ती अगदी हलकी झाली होती. मला एकट्याला नेता आली असती.

ती त्याच खोलीत गेली. माती झाल्यावर लोक भेटायला आले, बैठकीत बसले. सगळे म्हणाले, आत्याचं एवढं कोण करतं आजकाल. शमीमभाभीही आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "भाईजान, आपने सगे बेटे से बढ़कर किया." सुरेखा शेजारीच उभी होती. मी मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटलं असणार.

लोक म्हणतात तशी माझी झोप उडाली नाही. मी स्पीकर विकले नाहीत, हलवलेही नाहीत. रोज दुकानातून आल्यावर खुर्चीत बसतो, गाणं लावतो. गाणारीचा आवाज मधोमध उभा राहतो, कुठंही कलत नाही. मला तो आवडतो. अजूनही आवडतो.