व्याह्यांपुरती मखमल

माझी धाकटी जाऊ म्हणजे काटकसरीचा कळस. लेकीच्या लग्नपत्रिका छापायच्या, तर लेक मखमलीच्या पत्रिकेवर अडून बसली. म्हणे, "साधा कागद बघून सासरचे नाकं मुरडतील." जावेनं शक्कल लढवली. आपल्या माणसांना साधी पत्रिका, मखमली फक्त व्याह्यांना.

ती द्यायला आम्ही दोघी गेलो. विहीणबाईंनीही त्यांची मखमली पत्रिका आमच्या हातात ठेवली. तेवढ्यात आतून व्याही साध्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. "अगं, आपल्या लोकांच्या या कुठं ठेवू?"

विहीणबाई कानकोंड्या झाल्या. जावेनं गुपचूप पिशवीतली आपली साधी पत्रिका काढून त्यांच्यापुढं धरली. दोघी पोट धरून हसल्या.

घरी आल्यावर ती लेकीला म्हणाली, "नाक कुणी मुरडत नाही बाई. पण तिथंही तुझे लाड व्हायचे नाहीत."