चिनी कादंबरीतली आपली माणसं

वाचनालयात आज एक मुलगी चिनी कादंबरीचं पहिलं पान ओठ हलवत वाचत होती. नावांपाशी अडखळली आणि पुस्तक परत फळीवर ठेवायला निघाली. मला राहवलं नाही.

"ठेवू नकोस गं. ती नावं सोडून दे. आपल्या घरातली माणसं बसव त्यात."

ही माझ्या यजमानांची युक्ती. संध्याकाळी हे मोठ्यानं वाचायचे आणि प्रत्येक पात्राला नातं चिकटवायचे. खाष्ट सासू आली की म्हणायचे, "ही तुझी नाशिकची आत्या!" जुन्या चिनी कवितेत मित्राची होडी दिसेनाशी झाली तरी काठावर उभा राहिलेला म्हातारा म्हणजे आमचे अण्णा. पाहुण्यांची एसटी वळणाआड गेली तरी तेही फाट्यावरून हलायचे नाहीत. तो परका देश असा हळूहळू आमच्या घरी राहायला आला.

या कादंबरीत सारखा खोकणारा, चहाबाज मास्तर आहे. "हा मी," हे म्हणाले होते. पुस्तक अर्ध्यावर असताना हे गेले.

"शेवट कसा आहे, काकू?" मुलीनं विचारलं.

"तूच वाच. वाचून झालं की मला मात्र सांगू नकोस."

ती गोंधळून हसली आणि पुस्तक घेऊन गेली. किती जणांना मी ही कादंबरी वाचायला लावली! यांनी खूण घातलेल्या पानापुढे मी स्वतः कधी गेले नाही. घरातल्या प्रतीत मास्तर अजून अंगणात बसलेत आणि त्यांचा चहा अजून संपलेला नाही.